रबराचा मासा आणि मागचं दार

शार्क मी पहिल्यांदा पाहिला तो तेरखेड्याजवळ, फटाक्यांच्या एका शेडबाहेर, कडुलिंबाखाली, मावशीच्या मोबाइलवर. समुद्र मी अजूनही पाहिलेला नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. वीस-बावीस वर्षं ती एकाच शेडमध्ये फटाक्यांच्या माळा विणते आहे. वातीला वात लावत, दोऱ्याचा वेढा देत तिची बोटं अशी चालतात की तिला स्वतःला तिकडे बघावं लागत नाही. मी कळंबची. माझे वडील चळवळीची पत्रकं काढायचे. वाचायला मी बाराखडीवर शिकले नाही, ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर शिकले. जे सांगायचं ते कागदाच्या एका बाजूत बसलं पाहिजे, हा आमच्या घरातला नियम होता. सिनेमाबद्दलही नियम होता: ते लोकांना झोपवायचं औषध आहे. टीव्ही होता, पण तो बातम्यांपुरता.

बी.ए. झाल्यावर दिवाळीच्या दोन महिने आधी मी मावशीकडे राहायला गेले. तिच्या शेडवर मला लिहायचं होतं. शेठला मावशीनं सांगितलं की भाची हाताखाली आली आहे. मला शेडच्या आत घेतलं नाही. बाहेर कडुलिंबाखाली बसून रद्दीच्या रिकाम्या नळ्या वळायचं काम दिलं. तिथं फटाक्यांच्या दारूचा कण नव्हता, आणि तिथून शेड पूर्ण दिसायचं.

जे दिसलं त्यानं माझं डोकं फिरलं. माळांच्या शेडला दोन दारं होती, पुढचं आणि मागचं. हंगाम चढला की तयार मालाची खोकी मागच्या दाराला लावून पार पत्र्यापर्यंत रचायची. मावशीची जागा नेमकी त्या भिंतीला. पुढच्या बाजूला काही पेटलं तर तिच्यासकट सहा बायकांना बाहेर पडायला वाट नव्हती. मावशीला हे माझ्याआधी कळलेलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं आणि आणखी एकीनं शेठला तसं सांगितलं होतं. पुढच्या हंगामात त्या दुसरीला कामाला बोलावणं आलं नाही. मावशीला आलं, आणि तेव्हापासून तिनं दाराचं नाव काढलं नव्हतं.

मी जे करते तेच केलं. पत्रक लिहिलं. कायद्याची कलमं घातली, मोठा मथळा दिला, कळंबला जाऊन शंभर प्रती काढून आणल्या आणि जेवणाच्या सुट्टीत वाटल्या. बायकांनी घड्या घालून कमरेला खोचल्या. चार दिवसांनी नळ्यांसाठी रद्दीचं पोतं आलं, त्यात माझीच पत्रकं निघाली. मी मावशीकडे बघितलं.

“कागद चांगला व्हता बाई,” ती म्हणाली. “जाड. नळी घट्ट बसती त्येची.”

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

शेडचा एक नियम मात्र शेठपासून हमालापर्यंत सगळे पाळायचे. मोबाइल आत न्यायचा नाही. सकाळी येताच बायका आपापल्या पिशव्या कडुलिंबाच्या फांद्यांना अडकवायच्या आणि मोबाइल त्यात राहायचे. जेवणाच्या सुट्टीत मावशी पिशवी उतरवायची, मोबाइल पाण्याच्या कळशीला टेकवून उभा करायची, आणि सहा जणी भाकरी घेऊन भोवती बसायच्या. मावशीचा जावई उमरग्याचा, हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवतो. त्यानं कुणाकडून तरी एक कार्ड भरून आणलं होतं, इंग्रजी सिनेमांचं. मावशीनं त्यातले बंदुकीचे सोडले, भुताचे सोडले आणि माशाचे ठेवले. सुट्टी पाऊण तासाची, त्यामुळे एक सिनेमा दोन-तीन दिवस पुरायचा. भाषा कुणालाच येत नव्हती. मावशीच सांगायची.

ते सिनेमे काय आहेत हे मला नंतर वाचून कळलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शार्कचा एक मोठा सिनेमा धो धो चालला. मग अमेरिकेत, इटलीत, मेक्सिकोत, ज्याच्याकडे कॅमेरा आणि एक भाड्याची होडी होती तो प्रत्येक जण तसाच सिनेमा काढायला धावला. पैसा नाही, वेळ नाही, मासाही नाही. फळीवर माशाच्या पाठीवरचा पर म्हणून रबराचा तुकडा ठोकायचा आणि दोरीनं ओढायचा. मासा जवळून दाखवायचा झाला तर दुसऱ्या कुणी समुद्रात काढलेले तुकडे आणून जोडायचे. जाणकार लोक या सिनेमांना कचरा म्हणतात. मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं, आणि जरा मोठ्यानं म्हटलं.

“मंग तू नळ्या वळ,” मावशी म्हणाली. “आमाला कचरा बघू दे.”

नळ्या वळता वळता मी बघत राहिले.

आधी मला मजा वाटली ती या बायकांच्या नजरेची. ज्या हातांनी रोज वस्तू घडतात त्यांना दुसऱ्याची कारागिरी लगेच कळते. एका सिनेमात मासा आधी पांढऱ्या पोटाचा होता, पुढच्याच क्षणी ठिपक्यांचा झाला. “मघाचा मासा येगळा व्हता,” एक जण म्हणाली. थोडी चर्चा झाली आणि ठरलं की ते दोघं भाऊ आहेत, ठिपक्यांचा धाकटा. तिथून पुढं तो सिनेमा खरोखरच दोन भावांचा झाला आणि, खोटं कशाला सांगू, जास्त चांगला झाला. शेवटी मासा उडवतात तेव्हा सगळ्या जेवण थांबवायच्या. हा त्यांचा विषय. मावशीनं एकदा धूर बघूनच सांगितलं, ही दारू नव्हे, हे रॉकेल आहे, दारूचा धूर असा काळा येत नाही. आणि होडीतला माणूस फार जवळ उभा होता. “त्येला कुणी सांगितलं न्हाय वाटतं,” ती म्हणाली आणि बराच वेळ त्या माणसाबद्दल बोलत राहिली. तो नट होता की कुणी रोजंदारीवर आणलेला, तो घरी धड पोचला का. सिनेमाच्या कुठल्याही परीक्षणात मी हा प्रश्न वाचलेला नाही.

मग मला वडिलांच्या चळवळीत आम्ही करायचो ती पथनाट्यं आठवली. आमच्याकडेही काही नसायचं. दोन पोरं निळी चादर धरून हलवायची, की झालं पाण्याच्या सत्याग्रहाचं तळं. आणि त्या चादरीत ओंजळ बुडवताना पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चादरीला तळं म्हणणारी मी फळीला मासा म्हणणाऱ्यांना कोणत्या तोंडानं हसत होते? ती माणसं खरोखर पाण्यात उतरली होती. थंडीनं ओठ निळे पडलेले दिसत होते. दोरी ओढणारा कुणीतरी चौकटीबाहेर गळ्यापर्यंत पाण्यात उभा असणार. कमी पैशात, कमी दिवसांत, अंगमेहनतीनं लोकांना भीती वाटेल असं काही उभं करणं हे मोठं काम आहे, आणि त्याचा मला आदर आहे.

सगळ्याचा आदर नाही. या सिनेमांत बायका पाण्यात उतरतात त्या कॅमेऱ्यासाठी. मासा यायच्या आधी पाच-पाच मिनिटं कॅमेरा त्यांच्या अंगावरून फिरतो. त्याला मावशीकडे उपाय होता. ती म्हणायची, “पळीव,” आणि जवळची कुणी बोटानं सिनेमा पुढं ढकलायची. दुसरी गोष्ट पळवून जात नाही. काही सिनेमांत खरे शार्क मारले आहेत. शेपटीला दोर बांधून उलटे टांगले आहेत. ज्या जनावराची एवढी बदनामी केली, त्याच्यावर तिकिटं खपवली, त्यालाच मारून दाखवलं. याबद्दल मी त्या माणसांना माफ करत नाही. मावशीही अशा वेळी मोबाइल पालथा घालायची.

आता त्या सिनेमाकडे येते ज्यासाठी हे लिहिते आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, पाटी कापलेली होती. समुद्रकाठी एक हॉटेल आहे. हॉटेलवाल्यानं होड्यांची शर्यत ठेवली आहे, माणसं लांबून येणार आहेत. दोन कोळी नाहीसे होतात. एक तरुण मास्तर सगळ्यांना सांगत फिरतो की पाण्यात शार्क आहे. कागद दाखवतो, नकाशे दाखवतो, सभेत ओरडतो. हॉटेलवाला हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. त्याचे शब्द आम्हाला कळत नव्हते, पण मावशीला अडचण आली नाही.

“त्यो म्हणतोय, हंगामाचं दिस हायेत, लोकान्ला भेवडावू नका,” तिनं सांगितलं.

कुणी हसलं नाही. आठच दिवसांपूर्वी शेठ जवळजवळ याच शब्दांत हमालाला बोलला होता. हमालानं विचारलं होतं की खोकी दुसरीकडे रचू का.

“आपला शेठच हाय ह्यो,” एक जण म्हणाली.

“शेठ जाड हाय,” दुसरी म्हणाली. “ह्यो वाळकाय.”

मी त्या मास्तराकडे बघत होते. त्याच्या हातातले कागद, ताणलेला गळा, समोरच्यांचे कंटाळलेले चेहरे. माझं पत्रक मला दिसत होतं. सिनेमात एक म्हातारी होती, हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणारी. ती सभेत काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सगळे जमतात तेव्हा ती आपल्या नातीचा हात धरते आणि वाळूत बसून राहते. नात ओढते, रडते. म्हातारी उठत नाही. मग तिच्या शेजारची बसते, मग आणखी एक. तेवढंच दृश्य, अर्ध्या मिनिटाचं. नंतर पुन्हा किंकाळ्या आणि लाल पाणी.

मावशीनं ते दृश्य मागं घेऊन पुन्हा लावलं. मग सुट्टी संपली. मोबाइल पिशवीत टाकताना ती माझ्याकडे न बघता बोलली, “तुझा मास्तर लई वरडला गं. वरडून काय व्हतंय? पाण्यात उतरायचंच न्हाय.”

माझ्या घरात पाण्यात उतरणं हा हक्क होता. तो कसा मिळवला हे सांगणारी पत्रकं वाचत मी वाढले. न उतरण्यातही जोर असतो हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी मावशीला विचारलं की तुझं काम गेलं तर. ती म्हणाली, माळा तिच्यासारख्या कुणी विणत नाही हे शेठला माहीत आहे, पण दाराचं बोलून काम गेलेल्या त्या दुसरीच्याही माळा चांगल्याच होत्या. म्हणजे ती घाबरलेली होती.

सकाळी नऊ वाजता पिशव्या झाडाला लागल्या. बायका शेडकडे वळल्या नाहीत. मावशीनं कळशी ठेवली, मोबाइल टेकवला आणि खाली बसली. बाकीच्या पाच जणी बसल्या. आधी कुणाशी काही ठरल्याचं मी ऐकलं नव्हतं. सिनेमा कालच्या ठिकाणाहून सुरू झाला. मी नळी हातात तशीच धरून बसले. काहीतरी बोलावं, घोषणा द्यावी असं वाटत होतं. मावशीनं ‘नको’ अशी मान हलवली आणि मी नळी खाली ठेवली.

साडेनऊला शेठ मोटारसायकलवरून आला. उतरला, शेडमध्ये डोकावला, बाहेर आला.

“काय अक्का, तब्येत बरी न्हाय का?”

“बरी हाय की,” मावशी म्हणाली.

“मंग आत जा ना. सोलापूरची गाडी येणारे आज.”

“मागचं दार मोकळं करा. मंग जातो.”

शेठनं आधी माझ्याकडे बघितलं. हे या कॉलेजवालीचं काम, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो तसं बोललाही. मावशी म्हणाली की पोरीनं कागद वाटला होता, त्याच्या नळ्या झाल्या, तुम्हीच विकल्या. एक जण फिसकन हसली. शेठचा आवाज चढला. हंगाम, गाडी, दुसऱ्या बायका आणीन, सगळं झालं. मावशीनं कळशीला टेकलेला मोबाइल सरळ केला. पण ती उठली नाही आणि उलट बोललीही नाही. मोबाइलवर होड्या पाण्यात उतरत होत्या. शेठ बोलता बोलता तिकडे बघायला लागला.

“हे काय लावलंय?” त्यानं विचारलं.

“मासा हाय पाण्यात,” मावशी म्हणाली. “त्या वाळक्याला समदं ठावं हाय.”

तो उभ्या-उभ्या पाच-सात मिनिटं बघत राहिला. हॉटेलवाला होडीवरून पाण्यात पडला आणि रबराचा जबडा बाजूनं वाकडा होत बंद झाला. शिवण स्पष्ट दिसली. शेठनं खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि हमालाला हाक मारली.

खोकी हलवायला दीड तास लागला. अर्धी पुढच्या गोदामात गेली, अर्धी शेठच्या स्वतःच्या घराच्या ओसरीवर, आणि त्यावरून त्याच्या घरात केवढं भांडण झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. हंगाम नसतानाही ते दार कधी उघडलं नव्हतं, त्याची कडी गंजली होती. हमालानं दगडानं ठोकून ती काढली. दार कुरकुरत उघडलं आणि इतक्या वर्षांची धूळ बाहेर पडली. मावशी आत जाऊन आपल्या जागेवर बसली. दारातून सरळ वारा येत होता. वातींचे कागद उडायला लागले, तशी ती वाऱ्यावर वैतागली. मग पदर खोचून उठली, मागच्या दारानं बाहेर पडली, रानातून सहा गुळगुळीत दगड वेचले, त्याच दारानं आत आली, आणि प्रत्येकीच्या कागदांवर एक-एक दगड ठेवत गेली.