काळ्यात काळा धागा

“मला कोल्हं हेरायचं न्हाई बाबा, धागा हेरायचाय. अर्धा किलोमीटर उजेड गेला तर त्याला काय करू? माझं काम हातभरावर हाय.”

दिंद्रुडच्या बाजारात, रविराजच्या दुकानात मनकर्णाबाई ठाण मांडून बसली होती. रविराजनं चार्जिंगच्या पाच बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या, आणि रानात पाणी द्यायला जाणाऱ्या गड्यांना जे सांगायचं तेच हिलाही सांगत होता. हिला बॅटरी हवी होती घरातल्या मागासाठी. मनकर्णाबाई घोंगडी विणते. खोली बिनखिडकीची, लोकर काळीभोर, आणि लाईट भरदुपारी कधी जाईल त्याचा नेम नाही.

धनगराच्या घरात बाईनं सूत काढावं, मागावर गड्यानं बसावं, अशी रीत. नवऱ्याच्या, सुग्रीवच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा माग सहा महिने उगाच पडून होता. मग एका सकाळी ही लुगडं खोचून मागापुढच्या, पाय सोडून विणायला बसायच्या खड्ड्यात उतरली. भावकीनं नावं ठेवली. ठेवा म्हणाली, आणि विणत राहिली. आता साठी उलटली. औंदा दोन घोंगडी परत आली. विणताना उभा धागा तुटला तो हिला दिसलाच नाही, शेवटापर्यंत रेघ पडली. पोरानं, हरिओमनं, साफ सांगून टाकलं : तिसरं परत आलं की माग काढायचा, खड्डा बुजवायचा आणि तिथं पिठाची गिरणी टाकायची.

तिनं पिशवीतून परत आलेलं घोंगडं काढून फळीवर टाकलं. यात एक धागा तुटलाय, तुझ्या सगळ्यात भारी बॅटरीनं दाव म्हणाली. रविराजनं शटर अर्धं ओढलं. लोकरीवर उजेडाचा पांढराफेक गोळा पडला, त्यात केस नुसते चमकले आणि भोवती अंधार. नाक टेकेस्तोवर वाकला, तरी सापडेना.

“डोळे तर तुजे तरणे हायती,” मनकर्णाबाई म्हणाली.

एका बॅटरीला बाजूनं लांबट पट्टीचा दिवा होता, पसरट उजेडाचा. तिनं ती वरून न धरता घोंगड्याच्या कडेला आडवी धरली. तुटलेल्या धाग्याची चरी लगेच उघडी पडली. रविराज म्हणाला, मग बांधू का? तर नाही. पेटती राहू दे, मी बाजार करून येते. सहा तास चालते म्हणून डब्यावर लिहिलंय, असं त्यानं दाखवलं.

“मग डबाच न्हेऊन बसवते की मागावर.”

मिरच्या, चहापत्ती घेऊन दोन तासांनी परतली, तर पट्टी मिणमिणत होती. रविराज चार्जिंगचं कारण सांगू लागला. तिनं तसल्याच पट्टीची, पण हाताला जड लागणारी दुसरी आतून काढून लावायला सांगितली आणि पायरीवर बसून भाकरी सोडली. गिऱ्हाईकं हसली. एकानं विचारलं, मावशी, लग्न लावताव का बॅटरीचं? ही भाकरी खात राहिली. ऊन कललं तरी उजेड हलला नाही, तेव्हा कुठं पैसे काढले.

घरी हरिओमनं बॅटरी आढ्याला टांगायला दोरी आणली. तिनं ती मागाच्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, आडवी बांधली. उजेड काळ्या ताण्यावरून, उभ्या धाग्यांवरून सरकत गेला आणि तिची नजर एका जागी अडकली. सकाळी विणलेल्यात, चार बोटं मागं, एक धागा तुटलेला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. हरिओम वाकला, त्यालाही दिसला.

“बरं झालं घावला,” तो म्हणाला. “पर माय, गिरणीवाला उद्या माप घ्यायला येतोय. तिसरं बी परत येणारच म्हून म्या बोलावलंय.”

“येऊ दे की. त्याला म्हणाव, खड्ड्यात बाई बसलीय, तिला धरून माप घे.”

हरिओम फोन घेऊन अंगणात गेला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगू लागला. कारण मात्र सांगितलं नाही.

मनकर्णाबाईनं चार बोटं विणलेलं उसवलं, तुटल्या धाग्याची दोन टोकं थुंकी लावून पिळली, पाय खाली सोडले आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकला.