डेव्हिडसाहेबांच्या खोऱ्यातले पब

कुवेतमध्ये दारूबंदी. तिथं दोन गोष्टी कायम कोरड्या: हवा आणि घसा! त्यामुळे पबच्या गोष्टी कुवेतमध्ये जितक्या रंगतात, तितक्या खुद्द पबमध्येही रंगत नसतील. आमच्याकडे तर त्या साठतच गेल्या. गुरुवारी संध्याकाळी सलवा भागात जोगळेकरांकडे जमायचं, हातात ताकाचा ग्लास घ्यायचा आणि सुरू व्हायचं. जोगळेकरांची मुलगी म्हणायची, "बाबा, यू पीपल ओन्ली ड्रिंक स्टोरीज!"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या रिफायनरीसाठीचे पंप इंग्लंडमध्ये बनत होते. ते तपासायला आम्ही तिघं अधूनमधून जायचो. जोगळेकर पुण्याचे, पंपांचे इंजिनियर, पक्के शाकाहारी आणि आयुष्यात सरबताच्या पुढे न गेलेले. सावंत मालवणकडचे, वर्कशॉपचे फोरमन, सहा फुटी गडी. आणि मी नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटवाला.

फॅक्टरी एका नदीच्या खोऱ्यात होती. दोन्हीकडे हिरव्यागार टेकड्या, मधून वळणं घेत जाणारी नदी आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक जुना पब. आमचे जुने साहेब, डेव्हिड, कुवेतमधून रिटायर होऊन तिथंच राहत होते. शनिवार उजाडला की ते काठी घेऊन हॉटेलच्या दारात हजर. "चला! नदीकाठानं चालायचं आणि तहान लागली की थांबायचं."

तहान त्यांना फार लवकर लागायची!

*

पहिल्याच पबमध्ये सावंत दारातून आत शिरले आणि 'ठाण्ण'! छताचं काळंभोर लाकडी तुळवट सरळ कपाळावर. मालकीणबाई बर्फ घेऊन धावत आल्या. पण सावंतांपेक्षा त्यांना तुळवटाची काळजी जास्त! त्याच्यावरून हात फिरवत अभिमानानं म्हणाल्या, "चारशे वर्षं झाली, हे जागचं हललेलं नाही."

कपाळावर बर्फ दाबून सावंत माझ्याकडे वळले, "मगे आता तरी जरा वर उचला म्हणा तेंका!"

*

दुसऱ्या एका पबमध्ये जोगळेकरांच्या जेवणाचा प्रश्न आला. सगळ्या मेनूत मांसाशिवाय एकच पदार्थ. पाव, चीज, लोणचं आणि अख्खा कांदा. डेव्हिडसाहेब म्हणाले, पूर्वी शेतावर काम करणारे हेच खायचे.

"अहो, मग हे तर आपलंच जेवण!" जोगळेकर खुलले. त्यांनी बाही वर केली, कांदा टेबलावर ठेवला आणि मूठ हाणली. फट्ट!

सगळा पब माना वळवून बघायला लागला. मग शेजारच्या टेबलावरचा एक धिप्पाड गडी उठला. आपला कांदा पुढे ठेवून त्यानं मूठ हाणली. कांदा टुणकन उडाला आणि थेट शेकोटीत! मग काय, एकेक जण कांदा घेऊन जोगळेकरांपुढे उभा. जोगळेकर प्रत्येकाचा हात धरून शिकवतायत, "नॉट अँगर! ओन्ली कॉन्फिडन्स!"

पुढच्या शनिवारी त्या पबच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: 'आजचा खास बेत. कुवेत-स्टाइल ओनियन.'

*

एक पब नदीच्या पलीकडे होता. होडीनं जायचं. दोन्ही काठांना दोर बांधलेला, तो ओढत होडी पुढे न्यायची. त्या दिवशी होडीवाल्याचा खांदा दुखत होता. पाणी दिसल्यापासून सावंतांचे हात शिवशिवत होतेच. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोर हातात घेतला.

आम्ही पलीकडे उतरलो, सावंत उतरेनात! आमचे ग्लास रिकामे झाले, जोगळेकरांचा ऑरेंज ज्यूस संपला, तरी सावंत आपले माणसं इकडून तिकडे नेतायत. वाळवंटात इतकी वर्षं काढलेला माणूस तो. चेहरा असा उजळला होता की हाक मारायचं आमच्या जिवावर आलं.

एका म्हाताऱ्या बाईंनी उतरताना कौतुकानं विचारलं, "या नदीवर किती वर्षं काम करताय?"

सावंत म्हणाले, "सिन्स लंच, मॅडम!"

*

जुन्या पबांत बिअर तळघरात असते. बारवरच्या लांब दांड्यानं ती हातपंपासारखी वर ओढतात. एकदा आमच्या डोळ्यांदेखत तो पंप बंद पडला. नुसती फसफस! मालक घामाघूम. डेव्हिडसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरू नका. आपल्यात तीन पंपतज्ज्ञ आहेत!"

झालं. जोगळेकर म्हणाले, हवा शिरतेय. सावंत म्हणाले, वॉशर गेला. मी म्हटलं, व्हॉल्व्ह अडकलाय. जोगळेकरांनी टिश्यू पेपरवर डायग्राम काढला. अख्खा पब भोवती उभा.

तेवढ्यात मालकीणबाई तळघरातून वर आल्या. "पिंप संपलंय, बाळांनो."

जोगळेकरांनी शांतपणे पेनाचं टोपण लावलं. "तेच म्हणतोय मी कधीचा. सक्शनला काही नाहीये!"

*

शेवटच्या ट्रिपला डेव्हिडसाहेबांनी आम्हाला त्यांच्या स्वतःच्या गावातल्या पबमध्ये नेलं. मालक त्यांचा शाळासोबती. गप्पा रंगल्या आणि मालकानं सगळ्यांसमोर विचारलं, "डेव्हिड, जग फिरलास तू. सगळ्यांत चांगला पब कुठला?"

लोक हसले. उत्तर ठरलेलंच होतं.

डेव्हिडसाहेब म्हणाले, "कुवेतमधला. बनेद अल-गारमध्ये, तिसऱ्या मजल्यावर."

मग त्यांनी सांगितलं. नव्वद साली इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं, इंग्रज माणसांना शोधून शोधून पकडायला लागलं, तेव्हा सावंतांनी त्यांना आपल्या खोलीत लपवलं. एकदा सैनिक दारावर आला. साहेब खाटेखाली. सावंतांनी हातातल्या तव्यासकट दार उघडलं, "हिंदी! हिंदी!", म्हणजे अरबीत भारतीय, असं म्हणत तव्यावरचे दोन बांगडे त्याच्या हातावर ठेवले आणि तो खात खात जिना उतरला.

पण खोलीत कोंडून राहून साहेबांचं डोकं फिरायची वेळ आली. मग सावंतांनी द्राक्षाच्या रसाचं बादलीत काहीतरी आंबवलं. रोज संध्याकाळी पडदे ओढायचे, खोक्यावर टॉवेल अंथरायचा आणि सावंतांनी त्याच्यामागे उभं राहायचं. पब उघडला!

जोगळेकर आणि मी सावंतांकडे वळलो. इतकी वर्षं एकत्र बसलो, सावंत यातलं एक अक्षर बोलले नव्हते.

"चव कशी होती?" मालकानं विचारलं.

"भयंकर!" डेव्हिडसाहेब म्हणाले. "पण एक संध्याकाळ चुकवली नाही मी."

 मालकानं काउंटरची फळी वर उचलली आणि सावंतांना म्हणाला, "पबचा मालक या बाजूला उभा राहतो."

सावंत अवघडून आत गेले. आपल्या खांद्यावरचा टॉवेल मालकानं त्यांच्या हातात दिला. सावंतांनी तो नीट घडी करून काउंटरवर अंथरला, बाह्या दुमडल्या आणि समोर बघितलं.

"काय घेणार, साहेब?"

डेव्हिडसाहेबांनी काठी बाजूला ठेवली.

"नेहमीचंच, सावंत."