खुडूक जनुकं

गेल्या महिन्यात कोंबड्यांना खाद्य टाकत होतो, तवा शेजारचा दुकानदार पळत आला. त्याच्याकडं दौंडहून फोन आला होता. माझी भाची सुनंदा गेली... हातातलं घमेलं खाली ठेवायचंबी सुचलं नाही.

सुनंदा दौंडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मी चौथीतून शाळा सोडलेला, शिरूरकडं पोल्ट्री टाकून बसलेला माणूस. पण वादात तिच्यापुढं कधी हार मानली नाही. वर्षापूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी अंगातली रोगाशी लढायची ताकदच खाली बसली, म्हणून डॉक्टरांनी तिला घरातच एका खोलीत कोंडलं. माणसं बंद. त्यात मी कोंबड्यांतला. दोनदा आंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून गेलो तरी जावईबापू दारात आडवे. मग मी अंगणात खुर्ची टाकायचो, ती आतून बंद काचेशी बसायची. ओरडून बोलायचो, सगळी आळी ऐकायची.

एकदा म्हणाली, "मामा, तुमच्या कोंबड्यांनी आम्हाला कोड्यात टाकलंय." माणसाच्या पेशीत जनुकं असतात, त्यातली काही बिघडलेली, छद्मजनुकं म्हणे. रोगाशी लढणाऱ्या जनुकांच्या रांगेतही ती पुष्कळ. कोंबडीत चांगलं जनुक या बिघडलेल्यांचेच तुकडे उचलतं, आन् नव्या रोगासाठी नवं हत्यार घडतं. माणसात ती काय करतात, ते नीट कळलेलं नाही.

"मग खुडूक म्हण की सरळ! खुडूक कोंबडी अंडं देत न्हाई, पर अंड्यावर बसतं कोण? तीच ना?"

ती खोकला येईस्तोवर हसली. "नाव झकास आहे, मामा. पुरावा मात्र नाही."

"कोंबडीत हाय आन् माणसात न्हाई? आसं कसं?"

"शोध चालू आहे. कदाचित दुसऱ्या जनुकांना आवर घालत असतील. कदाचित काहीच नाही."

मी हट्टाला पेटलो. दर खेपेला पहिलं तेच विचारायचो, "उठली का गं तुझी खुडकं?" अंगात एवढं राखीव पडलंय, तर वेळेला उठंलच की, असं मला खरंच वाटायचं. शेवटच्या खेपेला तिचा आवाज पार बारीक झाला होता. काचेला कान लावला तवा ऐकू आलं.

"मामा, लढणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत. मग त्यांच्यातली जनुकं उठून काय करतील? तुम्ही आता हे धरून बसू नका."

"मी बसणार," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार...

फोन आला त्या दिवशी दौंडला पोचलो, तवा हाताला खाद्य तसंच चिकटलेलं. जावईबापूंनी दार सताड उघडलं. "या मामा, आत या. आता चालतंय." वर्षभर ज्या शब्दासाठी अडून बसलो, तो असा मिळाला. माझा पाय उंबऱ्याच्या आत पडलाच नाही.

अजूनही गेलो की खोलीचं दार उघडंच असतं. तिची खाट दिसते, पुस्तकं दिसतात. जावईबापू म्हणतात, "मामा, बसा की आत." मी नळावर हात धुतो, पाय धुतो, परत एकदा हात धुतो... आन् अंगणातच बसतो.