लांब कोर्स की आखूड कोर्स

विद्यापीठाची ई-मेल आली तेव्हा बाबा माळ्यावरून कूलर उतरवत होते आणि मी खालून स्टूल धरून उभी होते. मोबाइल वाजला म्हणून मी एका हाताने उघडून पाहिलं आणि स्टूल सोडून दिलं. बाबा कसेबसे सावरले. "काय झालं व?" ते वरूनच ओरडले. मी म्हटलं, "बाबा, अ‍ॅडमिशन झाली. म्हणजे... झाली वाटते."

ते 'वाटते' पुढे दोन महिने आमच्या घरात मुक्कामाला राहिलं.

स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात मी मातीच्या अभ्यासाच्या एम.एस्सी.साठी अर्ज केला होता. कृषी पदवीनंतर मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि पुढे शिकायचं मनात होतं. ई-मेलमध्ये आधी अभिनंदन होतं, मग एक अट. इंग्रजीच्या परीक्षेत मला लेखन आणि संभाषणात थोडे गुण कमी पडले होते. म्हणून एक तर मी परीक्षा पुन्हा द्यायची, नाही तर त्यांचा 'प्री-सेशनल' नावाचा, मुख्य वर्ग सुरू व्हायच्या आधीचा इंग्रजीचा कोर्स करायचा. हा कोर्सही दोन प्रकारचा. एक दहा आठवड्यांचा, तिथे जाऊन करायचा. दुसरा सहा आठवड्यांचा, घरी बसून ऑनलाइन. कुठला निवडता ते कळवा, असं लिहिलं होतं.

बाबांनी ती ई-मेल मोठ्याने वाचली, वर्गात धडा वाचायचे तशी. 'थोडे गुण कमी' या ओळीवर ते थांबले आणि चष्मा काढून बनियनला पुसू लागले.

हे सांगायला हवं, की बाबा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. देवळी तालुक्यात वेगवेगळ्या शाळांत आयुष्य काढलं, शेवटची बरीच वर्षं नाचणगावच्या आसपास. अजूनही पुलगावच्या बाजारात कुणी दुकानदार काउंटरमागून उठून त्यांच्या पाया पडतो आणि म्हणतो, "सर, पॅसिव्ह व्हॉइस अजून पाठ आहे." मी मराठी शाळेत शिकले. माझ्याकडे जे काही इंग्रजी होतं ते सगळं बाबांच्या हातचं. त्यामुळे गुण कमी पडले ते माझे, पण लागलं ते त्यांना. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "कोर्स कायले पाह्यजे? परीक्षा पुन्हा दे. मी घेतो तयारी."

'प्री-सेशनल' हा शब्द त्यांच्या जाड्या शब्दकोशात सापडला नाही. त्यामुळे त्यांचा त्या कोर्सवर आधीच विश्वास नव्हता. आईने मात्र पटकन नावं ठेवून टाकली, लांब कोर्स आणि आखूड कोर्स. पुढे सगळ्या नातेवाइकांत तीच नावं चालली. मामा जामहून फोन करायचा. चौफुलीवर त्याचं टायरचं दुकान आहे, मागे ट्रकचे हॉर्न वाजत असायचे. त्यातून तो ओरडून विचारायचा, "काय ठरलं, लांब का आखूड?"

"नाई ठरलं, मामा."

"गॅरंटी कोणत्यात आहे ते विचार. ज्यात गॅरंटी नाई ते घेऊ नको."

गॅरंटी कशातच नव्हती. लांब कोर्समध्ये शेवटी परीक्षा, आखूडमध्येही शेवटी परीक्षा. नापास झालं तर काय, हे दोन्हीकडे इतक्या गोड भाषेत लिहिलं होतं की मला ते चार वेळा वाचूनही कळलं नाही. बाबांनी वाक्याचे तुकडे पाडून दाखवले, मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं. व्याकरण सगळं लागलं. अर्थ तिथेच राहिला.

परीक्षा पुन्हा द्यायची तर क्लास लावून पाहू म्हणून मी वर्ध्यातल्या एका क्लासमध्ये गेले. तिथले सर तरुण होते आणि फार उत्साही. त्यांनी पहिल्याच दिवशी निबंधाचा साचा दिला. विषय कुठलाही येवो, प्रदूषण येवो की लहान मुलांचा मोबाइल, पहिल्या दोन ओळी ह्याच आणि शेवटच्या दोन ओळी त्याच. "मधात काहीही भर," ते म्हणाले. मी घरी येऊन तो साचा बाबांना दाखवला. बाबांनी लाल पेनने त्यातल्या तीन चुका काढल्या आणि वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला गेले नाही, पण त्या सरांची बरीच पोरं पास होत होती हेही खरं होतं. म्हणजे ते चूक होते की बाबा, हे मला ठरवता येईना.

मग आम्ही दोघं नागपूरला गेलो, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका ऑफिसात. तिथल्या मॅडम अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत, फार भरभर बोलत होत्या. मी म्हटलं, मला दोन कोर्समधला एक निवडायचा आहे. त्यांनी विचारलं, "स्कॉटलंडच का? कॅनडा का नाही?" मी म्हटलं, तिथे मातीचा विभाग चांगला आहे. त्या म्हणाल्या, "डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये स्कोप जास्त आहे." आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात कॅनडातल्या तीन कॉलेजांची माहितीपत्रकं होती आणि बाबांच्या हातात त्या ऑफिसची कापडी पिशवी. परतीच्या गाडीत सेलू येईपर्यंत बाबा ती पिशवी उलटसुलट करून पाहत होते. मग बाबा म्हणाले, "आपण तिथी काय विचाराले गेलतो?"

मला हसू आलं आणि रडूही आलं.

हिंगणघाटची एक मुलगी त्याच विद्यापीठात आधीच्या वर्षी गेली होती. ओळखीतून तिचा नंबर मिळाला. ती म्हणाली, "लांबच घे. मी आखूड केला. सप्टेंबरमध्ये इथं आली तं दुकानातला माणूस काय म्हणते तेही समजे नाई. रूमवर जाऊन रडत होती." मी लगेच ठरवलं, लांब. दुसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला, "पण तू घाबरू नको हं, आखूडनेही होऊन जाते, माझं झालंच नं." ते वाचून माझं ठरलेलं पुन्हा मोडलं.

एव्हाना एप्रिल निम्मा झाला होता आणि लांब कोर्ससाठी कळवायची मुदत जवळ येत होती. बाबा रोज सकाळी मला निबंधाला बसवत. मी लिहायची, ते तपासायचे. 'मे बी' किंवा 'आय थिंक' दिसलं की लाल रेघ. "पक्कं माहीत असल तं लिहा, नाई तं लिहू नका," हे त्यांचं शाळेपासूनचं वाक्य. माझे निबंध स्वच्छ होत गेले. एकही चूक नसायची. शेवटी 'एक्सलंट' लिहून ते सही करायचे, आणि तरीही मला वाटत राहायचं की हेच तर मी परीक्षेत लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात विद्यापीठाकडून कळलं की ज्यांना कोर्स निवडता येत नाहीये त्यांच्यासाठी एक नमुना तास ऑनलाइन होणार आहे. एका वेळी थोडेच विद्यार्थी. मी नाव दिलं.

तासाच्या वेळी संध्याकाळ होती, पण घर तापलेलं होतं. कूलरच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून तो बंद केला. आईने दार लोटून घेतलं. बाबा कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने पलंगाच्या टोकाशी बनियनवर बसले. "मी फक्त आयकतो," ते म्हणाले.

पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांनी एक उतारा दाखवला, एका शहरात रस्ता रुंद करण्यासाठी झाडं तोडली ते कसं योग्यच होतं याबद्दल. आम्ही तो वाचला. मग त्यांनी मला विचारलं, "लेखकाचं म्हणणं तुला पटतं का?"

"येस मॅडम," मी म्हटलं. "लेखक बरोबर आहे."

"का?"

मी उताऱ्यात उत्तर शोधू लागले. उत्तर उताऱ्यात असतं, हे आम्हाला पाचवीपासून माहीत होतं. त्या थांबून राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, यातला सगळ्यात कच्चा मुद्दा कुठला वाटतो?" मला प्रश्नातला प्रत्येक शब्द समजला होता. पण धड्याला कच्चा म्हणायचं असतं, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी उतारा नुसता वरखाली सरकवत राहिले. घाम कानामागून गळ्यात उतरत होता.

तेवढ्यात पलंगाच्या टोकावरून बाबा हळू आवाजात मराठीत म्हणाले, "दुसऱ्या पॅऱ्यात पुरावाच नाई दिला त्यानं."

माइकने ते पकडलं. बाईंनी विचारलं, "तुझ्यासोबत कुणी आहे का?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खुंटीवरचा शर्ट ओढला, उलटसुलट करत घातला आणि माझ्या मागे येऊन ताठ उभे राहिले. "गुड इव्हिनिंग, मॅडम. आय अ‍ॅम हर फादर अँड हर फर्स्ट टीचर ऑफ इंग्लिश."

बाई प्रसन्न हसल्या. त्यांनी बाबांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बाबांनी उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, "सॉरी?" बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. बाई कान पुढे करून पुन्हा "सॉरी?" म्हणाल्या. तिसऱ्यांदा बाबा एकेक शब्द सुटा करून बोलले, पहिल्या बाकावरच्या पोरांशी बोलायचे तसे. "एव्हिडन्स. इज. नॉट. देअर."

"आह, एव्हिडन्स!" बाईंना कळलं. "अगदी बरोबर. आणि मग तुम्ही कुठला पुरावा मागाल?" बाबा हसले, हात जोडले आणि बाजूला झाले. उरलेला तास मी कसा तरी काढला. एकदा झाडांच्या मुळांबद्दल आणि मातीबद्दल काहीतरी बोलले, त्यावर त्या बाई बराच वेळ बोलत होत्या. चांगलं म्हणत होत्या की चुकलं म्हणत होत्या, मला कळलं नाही.

लॅपटॉप बंद केला तेव्हा बाबा खोलीत नव्हते. अंगणात पाइप धरून झाडांना पाणी देत होते.

"तिले माहं इंग्रजी समजलं नाई," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

"समजलं नं बाबा. बरोबर म्हणाल्या त्या."

"तिसऱ्या वेळी."

पाण्याचं आळं भरून वाहू लागलं तरी त्यांनी पाइप हलवला नाही. मग म्हणाले, "लांब घेजो. तिथी जाजो. पैशाचं मी पाहून घेतो."

"पण तुम्हीच तं म्हणत होते, कोर्स कायले?"

"म्हणत होतो. मी तुले चुकीचं नाई शिकवलं, बेटा. पण हे जे त्या बाईनं विचारलं, हे मले कोणी विचारलं नाई, मी कोणाले विचारलं नाई."

इतके दिवस त्यांनी 'कोर्स घे' म्हणावं असं मला मनातून वाटत होतं. आता ते म्हणाले तर मला आखूड कोर्सच बरा वाटू लागला. घरी राहिले असते, रोज तास झाल्यावर अंगणात बसून त्यांना सांगितलं असतं. की ते दुखावले म्हणून मला असं वाटत होतं? की मला जायचीच भीती वाटत होती? आईला विचारलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमचं दोघायचं काय चाल्लं मले तं समजूनच नाई राह्यलं." मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी लांब कोर्सवर बोट ठेवलं. ठेवण्याआधी खात्री नव्हती, ठेवल्यावरही आली नाही.

जूनमध्ये मी तिथे पोचले. बाबांनी शिकवलेलं व्याकरण उपयोगी पडलं, कधीकधी शिक्षकच मला विचारून घेत. दुकानातल्या माणसाचं बोलणं मात्र मलाही कळत नव्हतं. दहा आठवडे झाले, परीक्षा झाली, मी पास झाले. मग सप्टेंबरमध्ये मुख्य वर्ग सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारी भोपाळची एक मुलगी बसली. तिने आखूड कोर्स घरून केला होता आणि तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. ती दुकानातल्या माणसाशी खळखळून हसत बोलायची. तिला त्याचं किती कळायचं, देव जाणे. माझी निवड बरोबर होती का, हे मला आजही सांगता येणार नाही.

कोर्स चालू असतानाचा एक फोन आठवतो. बाबा रोज विचारायचे, "आज काय शिकवलं?" आणि मी सांगायची. त्या दिवशी नमुना तासाच्या त्याच बाईंनी आम्हाला शिकवलं होतं की संशोधनात ठाम बोलायचं नाही. 'आहे' ऐवजी 'असू शकतं', 'दिसतं', 'वाटतं' असं लिहायचं.

पलीकडे अंगणातल्या पाण्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"म्हणजे पक्कं माहीत असलं तरी 'असू शकते' लिहाचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"काऊन?"

"मलेही अजून नीट समजलं नाई, बाबा."

"बाईले विचारजो," ते म्हणाले. "अन् मले सांगजो."