बाराव्या रेच्याचं लाल बटण

हबीब मिस्त्रीला स्वतःच्या हातांचा भारी गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला शोभायचाही. संग्रामपूरच्या बाहेर, कापसाच्या गाड्या सुटतात त्या मैदानाला लागून एक जिन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना, तिथं तो वायरमन. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण कंट्रोल पॅनलचं दार उघडून नुसता कान लावला की कुठली रिले नीट बसत नाही ते सांगायचा. मॅनेजर शंकरराव म्हणायचे, "डॉक्टर नाडी धरते, आपला हबीबभाई कान लावते." हे वाक्य त्यानं घरी अमीनाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की पुढे पुढे त्याच्या आधी तीच म्हणून टाकायची.

जिनात आठ रेचे होते. कापसातून सरकी वेगळी करायची ती याच यंत्रावर. समोर उभी असलेली बाई मूठ मूठ कापूस घालते, रूळ तो ओढून घेतात, रुई पुढे जाते आणि सरकी खाली पडते. आधी हवेचा पंखा सुरू व्हायचा, मग रुई वाहून नेणारा पट्टा, मग एकामागून एक रेचे. कुणी कुणाच्या मागून किती सेकंदांनी निघायचं, हे सगळं भिंतीपाशी उभं असलेलं एक लोखंडी कपाट ठरवायचं. एकाहत्तर साली मालकांनी आणखी सहा रेचे बसवले. जुन्या कपाटात त्यांच्या तारांना जागा उरली नव्हती, म्हणून मुंबईहून एक लहान जोडकपाट आलं. दोन्हींच्या मध्ये मनगटाएवढी जाड केबल. रेच्यावरच्या बायांनी लगेच बारसं उरकलं. मोठ्या कपाटाचं नाव माय, धाकट्याचं पिल्लू.

पिल्लू बसवायला मुंबईचा एक इंजिनीअर आला होता. भला माणूस, पण तिसऱ्याच दिवशी घरून वडिलांच्या दुखण्याची तार आली आणि तो नकाशा हबीबच्या हातात देऊन निघाला. एकच काम उरलं होतं, ते लाल बटणांचं. प्रत्येक रेच्याच्या बाजूला एक लाल बटण असायचं. एकच तार सगळ्या बटणांतून फिरून मायमध्ये परत यायची. कुठलंही बटण दाबलं की ती तुटायची आणि सगळी लाईन जागच्या जागी उभी राहायची. तीच तार आता पिल्लूतून नेऊन नव्या सहा बटणांतून फिरवून आणायची होती. "करून घ्याल ना मिस्त्री?" इंजिनीअरनं विचारलं. हबीब हसला. त्याला हे विचारणंच थोडं लागलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त होता. आदल्या दिवशी दुपारी त्यानं तार फिरवली, स्विच टाकला. पंखा फिरला, पट्टा हलला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं बंद. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. नव्या फेऱ्यात कुठंतरी जोड कच्चा होता. त्यानं एकेक बटण उघडून पाहिलं, कान लावला, स्क्रू आवळले. दिवेलागण झाली तरी दोष सापडेना. सकाळी मालक पाहुणे घेऊन येणार होते. शेवटी त्यानं मायच्या पोटात चार बोटं लांबीचा तारेचा एक तुकडा अशा जागी जोडला, की वीज नव्या सहा बटणांकडे न जाता मधूनच परत फिरावी. लाईन फुरफुरत चालू झाली. नव्या रेच्यांची बटणं आता नुसती शोभेची होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुहूर्त होऊ दे, मग तुकडा काढतो आणि जोड शोधतो, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि घरी जाऊन निवांत झोपला. त्या झोपेची त्याला पुढे फार लाज वाटायची.

या जिनाची एक रीत होती, मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली. मुहूर्ताला पॅनलची पूजा व्हायची, दारावर कुंकवाचा स्वस्तिक निघायचा आणि दाराच्या दोन्ही मुठींना लाल दोरा बांधला जायचा. रुईच्या एकशे एक गाठी बांधून होईपर्यंत तो दोरा कुणी सोडायचा नाही. त्या काळात दिवसाला वीसेक गाठी निघायच्या, म्हणजे पाच दिवसांचा प्रश्न. आता हबीबला ही रीत नवीन होती असं नाही. गेली नऊ वर्षं तो ती पाहत आला होता. पण आदल्या दिवशीच्या धांदलीत त्याला तिची आठवणच झाली नाही. भटजींनी माय आणि पिल्लू दोन्हींच्या दारांना दोरा गुंडाळला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तो तुकडा आता पाच दिवस आतच राहणार.

"सगळं झालं न, मिस्त्री?" मालकांनी पाहुण्यांसमोर विचारलं.

"झालं, साहेब," हबीब म्हणाला.

मालकांनी त्याच्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग चौदाच्या चौदा रेचे एकामागून एक धडधडू लागले आणि त्या आवाजात बोलायचं राहून गेलं.

पुढचे तीन दिवस तो त्या दोऱ्याकडे पाहत हिंडला. पूजेचा दोरा, आणि तो मुसलमानाच्या हातानं तुटला तर लोक काय म्हणतील, असं त्यानं स्वतःला पुष्कळ समजावलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याला दोरा तोडायची गरजच नव्हती. शंकररावांपाशी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, काम अपुरं आहे म्हणून. शेला अंगावर घेऊन ते वाक्य तोंडातून निघेना. रविवार येऊ दे, तोवर गाठी पुऱ्या होतील, असं म्हणत त्यानं दिवस ढकलले.

बाराव्या रेच्यावर तानुबाई होती. सोनाळ्याची, तिशीतली, बोलण्यात चटपटीत आणि हाताला विजेसारखी. तिचा नवरा कडूबा त्याच जिनात गाठी उचलायच्या कामाला होता. नवे रेचे सुरू झाले त्या दिवशी शंकररावांनी सहाही बायांना उभं करून सांगितलं होतं, "काही अडकलं तं आंधी लाल बटण दाबायचं. मंग बोंबलायचं." तानुबाई म्हणाली होती, "बोंबलणं तं आमाले येतेच, बटणाचं ध्यानात ठेवू." सगळ्या हसल्या, हबीबही हसला.

चौथ्या दिवशी दुपारी ती किंकाळी आली. हबीब तेव्हा दाराशी विडी ओढत होता. त्यानं पाहिलं, बाराव्या रेच्याच्या रुळात तानुबाईचा उजवा हात गेलेला आहे आणि डावा हात लाल बटणावर आहे. ती बटण दाबत होती. एकदा दाबलं, सोडलं, पुन्हा तळहातानं दाबून धरलं. रूळ फिरतच राहिले. हबीब धावला, मायच्या बाजूचा मोठा खटका त्यानं खाली ओढला आणि जिन बंद पडलं. एवढं व्हायला किती वेळ लागला असेल? सात-आठ सेकंद. तेवढ्यात तिची चार बोटं गेली.

गाडी तिला घेऊन दवाखान्याकडे निघाली, बाया रडत घरी गेल्या. कडूबा गाडीत बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. जिनात हबीब एकटा उरला. त्यानं दोरा तोडला. तुकडा काढला. मग वेड्यासारखा जोड शोधत बसला, आणि तो सापडला पिल्लूच्या दुसऱ्याच स्क्रूखाली. तारेचं वरचं रबर नीट सोललं गेलं नव्हतं. पाच मिनिटांचं काम. चाकूनं सोललं, स्क्रू आवळला, लाईन चालू केली आणि बाराव्या रेच्याचं बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. तो तिथंच बसून रडला. पण दुसऱ्याचं नुकसान करून एकट्यानं रडण्यात काय अर्थ असतो? दोरा कसा तुटला हे पुढे कुणी विचारलंही नाही.

पंधरा दिवसांनी चौकशीला सरकारी साहेब आला. तानुबाई हात गळ्यात बांधून उभी होती. "म्या दाबलं होतं, साहेब. दोन बार दाबलं," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. साहेबानं लाईन चालू करायला लावली आणि तिला म्हणाला, "आता दाबा बरं." तिनं डाव्या हातानं दाबलं. चौदा रेचे एका क्षणात गप्प झाले. ती त्या बटणाकडे पाहतच राहिली. तिच्यापासून हातभर अंतरावर हबीब उभा होता. साहेबानं विचारलं, "मिस्त्री, बटणात काही बदल केला होता?" हबीब म्हणाला, "नाही साहेब." कागदावर लिहिलं गेलं, की बाई घाबरली आणि तिनं बटण दाबलं नाही. त्यानंतर तानुबाईनं आपलं म्हणणं सोडून दिलं.

कडूबा वाईट माणूस नव्हता. तो तिला शेवटपर्यंत नांदवत राहिला, पण ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. भाकरी करपली, दोर हातून सुटला, हंडा सांडला, की तो म्हणायचा, "तुले बटण दाबणं नाही जमलं, हे काय जमते?" ती कडूबाचा डबा घेऊन यायची, तेव्हा हबीबनं हे जिनात स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ज्या कानांचं त्याला एवढं कौतुक, त्याच कानांनी. पुढे नवरा-बायको दोघंही सोनाळ्याला परत गेले आणि हबीबला वाटलं, आता सुटलो. माणूस असा सुटत नाही, हे त्याला फार हळूहळू कळलं.

अकरा वर्षांनी तो निवृत्त झाला. जिनात निरोपाचा कार्यक्रम झाला. नव्या मॅनेजरनं भाषणात सांगितलं, की हबीबभाईंच्या हातचं काम कधी कच्चं निघालं नाही. म्हातारे शंकररावही मुद्दाम आले होते. चहा पिताना हबीबनं त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "मालकसाहेबांच्या पूजेचा दोरा म्या मधातच तोडू द्या म्हटलं असतं, तं चाललं असतं काय हो?"

"न चालायले काय झालं?" शंकरराव म्हणाले. "तोडला असता, दुसरा बांधला असता. दोऱ्याचं रीळ तं आठाण्याले भेटते."

त्या दिवशी तो जेवला नाही. अमीनानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट बाजूला सारून समोर येऊन बसली. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, चार बोटं तारेच्या तुकड्यापासून साहेबाला दिलेल्या उत्तरापर्यंत. अमीनानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? माहे बोटं गेले काय? तिले जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं सोनाळ्याला गेला. वाटभर त्यानं कडूबाला काय सांगायचं याची जुळवाजुळव केली होती. कडूबा मारेल, हेही त्यानं धरलं होतं. मारलं तर बरंच, असं त्याला वाटत होतं.

तानुबाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती, डाव्या हातानं, भरभर. तिनं त्याला ओळखलं. "हबीबभाऊ! बसा न," म्हणाली आणि पोतं पुढे सरकवलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच, तिच्याकडे न पाहता त्यानं सगळं सांगून टाकलं. तिचं सूप मांडीवरच राहिलं, हात थांबला.

"म्हंजे म्या दाबलं होतं?" तिनं विचारलं.

"हाव. दोन बार. म्या पाह्यलं."

"मले वाटे, नसंनच दाबलं," ती म्हणाली. "मोठा साहेब म्हणे, सारं गाव म्हणे. मंग मीबी म्हणाले लागली, का बाप्पा, भेवानं आपलंच ध्यान गेलं असंन." मग तिनं मान वर केली. "त्या दिवशी साहेबानं माह्या हातानं बटण दाबाले लावलं, तवा तुमी माह्या बाजूलेच उभे होते."

"हाव," हबीब म्हणाला. "म्या चावडीवर येऊन सांगतो, तानुबाई. साऱ्या गावासमोर सांगतो. कडूबाभाऊ कुठं हाय? त्याले आंधी सांगतो."

तिनं घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत कुणी नव्हतं.

"ते गेल्या पोळ्याले गेले," ती म्हणाली. "आठ दिवस अंथरुणावर होते. मी पाणी पाजाले गेली तं वाटी हातातून निसटली. तवाबी तेच बोलले." तिनं सूप खाली ठेवलं आणि आपला उजवा तळवा, अंगठ्याचा तेवढा, पदराखाली घेतला. "गावाले सांगून मी काय करू, हबीबभाऊ? गावासंगं मले थोडंच राहाचं होतं. त्याईले सांगाचं होतं तुमी."