ओळखीचं कोणी नसलेला किनारा

परदेशातला समुद्रकिनारा निवडायला आम्ही दोघं ट्रॅव्हल एजंटकडे बसलो होतो. पडद्यावरचे सगळेच किनारे मला सुंदर वाटत होते. बायकोने एवढंच विचारलं, "इथे आपल्याकडची माणसं कमी येतात ना?"

"काकू, लोक उलटं विचारतात," एजंट हसला.

"मला पाण्यात उतरायचंय."

तिचं माहेर आणि सासर, दोन्ही गावं समुद्रालाच लागून. तरी घोट्याच्या वर ती कधी भिजली नव्हती. किनाऱ्यावर ओळखीचं कुणीतरी असायचंच. सुंदर किनाऱ्याकडून प्रत्येकाला काहीतरी वेगळंच हवं असतं.

थायलंडच्या एका साध्या किनाऱ्यावर ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली आणि ओरडली, "अहो, या ना!"

इतक्या मोठ्याने तिने मला कधीच हाक मारली नव्हती.