कौलावरून उतरवलेला दात

तीस वर्षं मी जव्हारला शाळेत विज्ञान शिकवलं. दाताची आकृती पुस्तक न बघता फळ्यावर काढायची मी. आणि निवृत्तीनंतर साखरशेत गावात माझ्याच ओट्यासमोर एका पोरीचा खरा दात हातात आला, तेव्हा तो मी छपरावर फेकून दिला. गोष्ट गोदाची आहे, पण सुरुवात माझ्या अकलेपासूनच करावी लागते.

गोदा आमच्या अंगणवाडीची मदतनीस. पाणी भरते, खिचडी शिजवते, न आलेल्या पोरांना घरून उचलून आणते. वय विचारलं तर "असंल चाळीस" म्हणते. दहाएक वर्षांची असताना आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली होती, तिथे पडून पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून हसताना पदर तोंडावर. भाऊ-भावजय भिवंडीला कामाला, त्यांची आठ वर्षांची वर्षाली हिच्याकडेच. पोरगी दिवसभर खिदळत असते. "हिला तरी पदर लावायची पाळी नको," एवढंच गोदाचं मागणं.

त्या शनिवारी मी ओट्यावर पोरांना पाढे म्हणायला बसवलं होतं. वर्षाली पाणी प्यायला म्हणून बोअरिंगच्या हातपंपावर गेली, दांड्याला लोंबकळली, हात सुटला आणि दांडा उसळून थेट तोंडावर बसला. रक्त, बोंबाबोंब, सगळी पोरं गोळा. तिच्या तळहातावर अख्खा दात.

मला रडणं सहन होत नाही. "अगं, दुधाचा आहे, येईल परत!" मी निकाल देऊन मोकळी. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकायचा, म्हणजे नवा येतो, अशी इथली रीत. मालू नावाची पोरगी लगेच शेण आणायला पळाली. पण तेवढंही थांबेन ती मी कसली! तसाच उचलला आणि भिरकावला. वर "उंदीरमामा, नवा दे रे" असंही म्हटलं. बी.एस्सी., प्राणिशास्त्र.

तेवढ्यात गोदा हंडा घेऊन आली. पोरीचा ओठ उचलून तिने आत पाहिलं.

"दात कुठं हाय?"

"टाकला कौलावर. दुधाचा होता."

"बाई, दुधाचा तं पहिलीत असतानाच पडला. मीच टाकला माझ्या घरावर. हा दुसरा. हा गेला तं गेला."

मी मान वर करून कौलं न्याहाळू लागले.

"परत बसवायचा," गोदा म्हणाली. "मोखाड्याला डाक्तर बोलला नाय का? जितकं लवकर तितकं बरं. तुमी होता की तिथं."

होते ना. दातांच्या त्या शिबिरात मी व्यासपीठावर होते आणि गोदा मागे जेवणाची पातेली सांभाळत होती. डॉक्टर बोलत असताना माझा डोळा लागला. नंतर उठून 'अत्यंत उद्बोधक व्याख्यान' म्हणून आभार मात्र मीच मानले.

गोदा शिडीवर चढली. "डावीकडे पडलाय! आणखी डावीकडे!" मी खालून ओरडले.

"बाई, तुमी शिडी धरा."

दात उजवीकडे सापडला, कौलांच्या तिसऱ्या पन्हाळीत. शेणात घातला असता तर तो पुन्हा तोंडात घालायची सोयच उरली नसती. माझ्या उतावीळपणाचा जन्मात झालेला हा एवढाच उपयोग.

चावायच्या टोकाला चिमटीत धरून गोदा उतरली. मी ब्रशवर पेस्ट लावून तयार. "आण, घासून देते."

"घासू नका! मुळाला हात नको. तिथंच जीव हाय त्याचा."

त्या भागाचं नाव मी शेकडो पोरांकडून पाठ करून घेतलंय. तो कशासाठी असतो हे मला त्या दिवशी समजलं.

तिने दात स्वच्छ पाण्यात एकदा हलवला, पुढची-मागची बाजू नीट पाहिली. "वर्षा, आ कर. दुखंल." आणि हलकेच जागेवर सरकवला. पोरगी किंचाळली. "आता हे फडकं चावून धर. सोडशील तं बघ!"

जव्हारला जायला रोहिदासची जीप उभी होती, पण भरल्याशिवाय तो चाक हलवत नाही. "अजून चार शिटा येऊ द्या, बाई."

इथे मात्र मी कामाला आले. "रोहिदास, सातवीतून तुला कसा ढकललाय, ते या सगळ्यांना सांगू का?"

जीप निघाली.

वाटेत गप्प बसवेना. दाताच्या मुळाभोवतीचे धागे हाडाला कसे धरून असतात, ते मी गोदाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवू लागले. वर्षालीला माझे हातवारे बघून हसू फुटलं, फडकं सुटायला आलं.

"बाई, गप बसा ना! पोरगी हसते, दात जाईल."

बसले गप्प. थेट जव्हारपर्यंत. माझा एकही विद्यार्थी यावर विश्वास ठेवणार नाही.

दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने दात तपासला आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "इतका सरळ कोणी बसवला? मॅडम, तुम्ही?"

खरं सांगते, माझी मान हलायला लागली होती.

"आत्यानं," वर्षाली कशीबशी म्हणाली. "बाईंनी फेकला."

डॉक्टरने शेजारच्या दातांना तार लावून तो बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "दोन आठवडे मऊ खाणं. धरेलच असं मी सांगत नाही."

गोदाने दोन आठवडे नाचणीची पेज भरवली. रोज सकाळी पोरीचा ओठ उचलून बघायची. मी रोज चौकशीला जायची आणि रोज तेच ऐकायची, "हाय अजून."

तार काढायला आम्ही तिघी गेलो. डॉक्टरने दात बोटाने हलवून पाहिला. फारसा हलला नाही. "धरलाय. पण वर्षभर दाखवत राहा. रंग बदलला तर लगेच या."

"पुढची तारीख सांगा," एवढंच गोदा बोलली. आणि तारखेचा कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला.

बाहेर वर्षालीने पेरू मागितला. मी "पुढच्या दाताने नाही हं!" म्हणेपर्यंत गोदाने पेरूवालीकडून त्याच्या पातळ फोडी करून घेतल्याही होत्या. मीही एक उचलली.

"सांभाळून, बाई," गोदा म्हणाली. "तुमची कवळी हाय. ती पडली तं मला नाय बसवता येत."